जानरावकाकांची मोठी लेन्स

२ एप्रिल
काहीतरी गडबड आहे! जानरावकाका त्यांची मोठी झूम लेन्स मला विकायला निघालेत. स्वतःहून! चार वर्षं त्यांच्या स्टुडिओत काम करते आहे, तिला कधी हात लावू दिला नाही. पुसायची तरी स्वतःच पुसणार. आणि आज म्हणे, "साधना, तूच घे. पल्लवीच्या लग्नात कामात पडन."

पल्लवीचं लग्न, म्हणजे माझी पहिली स्वतःची ऑर्डर. शिरपूरला, वीस तारखेला. कॅमेरा माझा आहे, पण त्याच्यासोबत आलेली लेन्स मांडवातल्या उजेडात मान टाकते. एकच चांगली घेणं जमेल. माझ्या मनात पन्नासची फिक्स होती — झूम न होणारी, पण छोटी, नवीकोरी, वॉरंटीची.

३ एप्रिल
काका म्हणे, "फिक्स घेतली त मागंपुढं तुलेच पया लागते. नवरदेवाचे दोस्त स्टेजवर चढले का झालं! माही लांबून घेते."

खरं आहे. पण इतकं गोड बोलणं काकांच्या स्वभावातलं नाही. "मंग तुमी कायनं काढसान?" विचारलं, तर पासपोर्ट फोटो कापत बसले.

५ एप्रिल
मोबाइलच्या दुकानातला अनुप म्हणाला, "जुन्या लेन्समंदी फंगस पाहून घेजो. मानूस उगाच नाही इकत." टॉर्च लावून पाहिली. आत बुरशी नाही, काही नाही. तरी समाधान नाही.

६ एप्रिल
काकांची नवी खोड — प्रत्येक फोटोला मलाच विचारतात, "कसा आला? सांग बरं." परीक्षा घेतात! आणि काल कारंज्याच्या बसस्टँडवर मी समोरून हात केला, तर ओळखसुद्धा दाखवली नाही. माझी ऑर्डर डोळ्यात खुपते, दुसरं काय. हाताखाली होते तोवर पोरी-पोरी. आता मी एकटी निघाले तर जड जातंय.

८ एप्रिल
लेन्स त्यांच्याच कॅमेऱ्याला लावून घरी दिली. "दोन दिवस वापरून पाय." अंगणात आई कुरडया वाळत घालत होती. कॅमेरा डोळ्याला लावला — नुसता धूर! आई कोण, खाट कोणती, कळेना. चारपाच फोटो काढले आणि ठेवून दिला. कार्डसुद्धा पाहिलं नाही. खोट सापडली एकदाची!

९ एप्रिल
बोलून आले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, असू देत.

"काका, मी काय आंधळी हाव का? कायले अशी लेन्स माया गळ्यात मारता?"

भांडतील असं वाटलं होतं. "बरं," म्हणाले फक्त, आणि कात्री खाली ठेवली. गिऱ्हाइकं माझ्याकडे पाहतच राहिली. रागाच्या भरात कॅमेरा घरीच विसरले होते, तो काही त्यांनी मागितला नाही.

१० एप्रिल
अनुपला पुरावा दाखवू म्हणून कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. फोटो लख्ख! आईच्या चष्म्याच्या काडीला बांधलेला दोरासुद्धा दिसतो.

पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला. पुन्हा धूर. मग लक्षात आलं — चौकटीखाली दिसणारे आकडेही पुसट आहेत. ते आकडे लेन्समधून येत नाहीत, कॅमेऱ्याच्या आतलेच असतात! म्हणजे लेन्सचा दोष नाहीच.

डोळा लावतो तिथं बाजूला एक बारीक चाक असतं, ज्याच्या-त्याच्या नजरेच्या नंबरानुसार फिरवायचं; फोटोला त्यानं फरक पडत नाही. काकांचं अगदी टोकाला होतं. त्याच्यापुढे ते फिरतच नाही. मी मागे फिरवत आणलं, तेव्हा कुठे स्वच्छ दिसलं.

टोकाला नेऊनही त्यांना किती दिसत असेल? "कसा आला? सांग बरं." बसस्टँडवर केलेला हात. आणि चार लोकांसमोर मी 'आंधळी' म्हणाले! जीभ कशी झडली नाही माझी!

दुपारभर रडले. जेवले नाही.

११ एप्रिल
माफी मागायला गेले. कॅमेरा समोर ठेवला. काकांनी तो डोळ्याला लावला नाही. अंगठ्यानं चाक चाचपलं.

"फिरवलं?"

"हो."

"आता तसंच राहू दे. तुया डोयाचं."

आणि पट्टा माझ्या गळ्यात घातला.