कोऱ्या कापडाला कुंकू

आई, काल माझ्या विद्यार्थिनींनी विणलेल्या कापडांचं प्रदर्शन लागलं. बरीच मंडळी आली, माझंही कौतुक झालं, आणि सगळा वेळ मला तूच दिसत होतीस. आणीबाणी उठल्यानंतरचा तो हिवाळा, मुंबईतलं विद्यापीठाचं कलादालन, आणि हिरव्या लुगड्यातली तू, चपला दाराबाहेर काढून आलेली. आत चपला चालतात म्हटलं, तर मलाच दटावलंस. "येवढं चकचकीत हाय, आनि चपला घालून जाऊ?"

त्या दिवशी माझं कापड पहिल्यांदा भिंतीवर लागलं होतं. हातमागावर विणलेलं, पांढऱ्यावर पांढरं, जवळ गेल्याशिवाय नक्षी दिसायची नाही. नक्षी आपल्या टेमघरच्या खाचरांच्या बांधांची. नारपोलीत लूमच्या खडखडाटात दिवसभर कांड्यांवर सूत भरून तू मला कॉलेजात घातलंस. पोरीला सूतच धरायचं तर शिकवायचं कशाला, म्हणून नातलग नावं ठेवत होते. तू त्या सगळ्यांना पुरून उरलीस. संध्याकाळी पाहुणे येऊन सगळ्यांत चांगलं काम निवडणार होते, आणि ज्याचं निवडतील त्याला तिथेच शिकवायची जागा मिळणार होती. ती मला हवीच होती.

तू कापडासमोर बराच वेळ उभी राहिलीस. मग कनवटीची डबी काढलीस आणि मी काही बोलायच्या आत त्या पांढऱ्या शुभ्र कापडाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलंस. आपल्याकडे नवं कापड वापरायला काढलं की लावतात तसंच, अगदी सहज.

आमचे सर धावत आले. "अहो बाई, हे काय केलंत? खराब झालं ना!"

तू जराही दबली नाहीस. "खराब कशानं? कोरं कापड असं टांगाचं न्हाय. माजे पोरीचं हाय ते."

सर माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत बोलायला लागले. कापड आत्ताच्या आत्ता उतरव, डाग धू, नाहीतर निवडीतून बाद. तू आमच्या तोंडाकडे बघते आहेस, बोटाला अजून कुंकू आहे. मी त्यांना इंग्रजीतच उत्तर दिलं, आवाज थोडा चढलाच माझा. सर निघून गेले. कापड भिंतीवरच राहिलं.

निवड दुसरीची झाली. ती जागाही तिलाच मिळाली, मला पुढे बरीच वर्षं थांबावं लागलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या संध्याकाळी एसटीत तुझ्या शेजारी बसले तेव्हा माझी छाती अशी फुगली होती की विचारू नकोस.

वाटेत तू विचारलंस, "सरांना इंग्रजीत काय बोललीस गं?"

"काही नाही. तुझ्यासाठी चहा सांगितला."

"मंग चा कुठं आला?" म्हणालीस आणि खिडकीकडे तोंड करून हसलीस.

तू गेलीस त्यालाही आता जमाना झाला. हे पत्र कुठे टाकायचं नाही, मला ठाऊक आहे. आपल्या घरात तोंडावर कुणी कुणाचं कौतुक करत नसे, म्हणून तेव्हा जीभ उचलली नाही. मी चहा सांगितला नव्हता, आई. मी म्हणाले होते, "ही माझी आई आहे. कापड मी विणलं, ते पुरं तिनं केलं. आता ते असंच राहील."