दोन जावा, एक गोळी

४ फेब्रु.
मानपाड्याच्या गुलाबबाई आल्या होत्या. संधिवाताच्या नव्या गोळीची जी ट्रायल मी सांभाळते, तिच्यातल्या सगळ्यात वक्तशीर पेशंट. गोळ्यांची पाकिटं रिकामी, आकडा बरोबर, आणि बोटं मात्र पुन्हा सुजलेली. डिसेंबरात मला वेणी घालून दाखवली होती. आज सहीला पेन धरवेना.
"रोज घेता ना?"
"घेतंय गो बाय." नजर खाली.
ट्रायलचे डॉक्टर, आमचे सर, म्हणाले, परिणाम कमी होतोय असं लिही. लिहिलं.

९ फेब्रु.
कंपनीचं पत्र. एप्रिलअखेर ट्रायल बंद, गोळ्याही बंद. औषध आधी तिकडे परदेशात विकणार. इकडे कधी, ते ठरलेलं नाही. आलं तरी गुलाबबाईंना परवडणार थोडंच.
म्हटलं, यांच्याच हातांवर तपासलं ना? सर म्हणाले, "संमतीच्या फॉर्ममध्ये होतं की. तूच वाचून दाखवलंस."
हो, मीच. त्या कुठे ऐकत होत्या! "तू सांगतंस ना, मंग सही कुठं करू?" एवढंच.
कंपनी, ट्रायलला मंजुरी देणारी कमिटी, सर, मी, सगळे नियमात. कुणाचीच चूक नाही. शिसारी आलीय मला या वाक्याची.

१२ फेब्रु.
पत्राचं फोनवर सांगायची लाज वाटली, म्हणून मानपाड्याला गेले. स्वयंपाकघरात त्यांच्या थोरल्या जाऊ, बायोबाई, तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. याच बायोबाईंना मी ट्रायलच्या नियमात वय बसत नाही म्हणून परत पाठवलं होतं. तेव्हा पाण्याचा पेलासुद्धा दोन हातांनी धरायच्या. क्षणभर नुसता आनंद झाला. मग गुलाबबाईंच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं.
गुलाबबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "एक दिस मी, एक दिस ती. घरान आलेली वस्तू मी एकटी कशी खाऊ गो?"
खूप चिडले. नाही नाही ते बोलले. पत्राचं राहिलंच. निघताना बायोबाईंनी भाकऱ्यांचा डबा हातात दिला.

१३ फेब्रु.
भाकऱ्यांवर बायोबाईंची बोटं उमटलेली. खाताना रडले.
नोंदवलं, तर गुलाबबाई लगेच बाहेर, दोघींची गोळी बंद. नाही नोंदवलं, तर अर्ध्या औषधाची सूज पुऱ्या औषधाच्या नावावर, आणि तो खोटा निकाल कुठल्यातरी देशातल्या तिसऱ्याच बाईच्या माथी. एप्रिलनंतर तशाही या दोघी...
माझ्या हातात काय आहे? एक पेन.

१६ फेब्रु.
उद्या कंपनीचा माणूस कागद तपासायला येणार. सरांच्या केबिनपर्यंत दोनदा गेले, दोनदा परतले. 'गोळ्या पेशंटने स्वतः घेतल्या का? हो / नाही.' रकाना कोराच.
दुपारी गुलाबबाईंचा फोन. "रागावलीस काय गो? पुढचे पाकीट देशील ना? बायो आता सोताची वेणी घालते." मग म्हणाल्या, "डब्याची घाई नाय. सवडीनं आण."
डबा घासून ओट्यावर ठेवलाय. आपल्यात डबा रिकामा परत देत नाहीत. काय घालून देऊ?