पहिल्या क्रमांकाचं शहर

प्रिय ताई,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. पाकीट फोडल्यावर सवयीने आधी शेवटची ओळ पाहिली. तिथे गुण नव्हते. नऊ महिने झाले, तुझ्या पत्राखाली गुण नसतात आणि माझ्याही नसतात. मग वरून वाचायला लागलो. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तू वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही करणार म्हणतेस. भाची रडली, जावई दोन दिवस बोलला नाही, तरी तुझं ठरलंय. कारण एका ओळीत दिलं आहेस, दूधवाल्याला निरोप ठेवावा तसं: 'माझ्या डोक्यावर आता माझाच भरवसा नाही, उद्या नातीला काही झालं आणि मी पुन्हा चष्मा शोधत बसले तर?' ती ओळ मी चार दिवस खिशात घेऊन हिंडतोय. म्हणून हे पत्र जरा लांबेल. चहा करून घे आणि बस.

आठवतं का, आपला खेळ तूच सुरू केलास. लग्न होऊन नव्वद किलोमीटरवरच्या शहरात गेलीस आणि पहिल्याच पत्रात लिहिलंस की आमच्या स्टेशनवर सरकते जिने आहेत, तुमच्याकडे अजून माणसं पायांनीच चढतात ना? मी उलट टपाली कळवलं की आमच्या नदीला पाणी आहे, तुमच्या नदीला नुसताच पूल आहे. त्यावर तुझं उत्तर आलं: 'मान्य. एक गुण तुला.' तिथून नियमच पडला. स्वतःला गुण घ्यायचा नाही, समोरच्याने मनापासून द्यायचा. तुमच्या प्राणिसंग्रहालयात जिराफ आला तेव्हा तू फोटो पाठवलास आणि मागे 'आणा आता' एवढंच लिहिलंस. तीन वर्षांनी आमच्याकडे दोन आले, तर त्यातला एक तुझ्या मते बुटका, म्हणून दीडच गुण दिलास. विमानतळ, विद्यापीठ, नाट्यगृह, सगळ्यांवरून आपण भांडलो. तुमचं शहर जुनं, घरंदाज. आमचं मागून आलेलं, कारखान्यांवर वाढलेलं. तुमच्याकडची माणसं आमच्याकडे आली की रस्ते रुंद आहेत हो तुमचे, असं म्हणायची. गरीब नातेवाइकाच्या घरी जाऊन पोरांचं अक्षर चांगलं आहे म्हणावं, तसा त्यांचा सूर. मला ते लागायचं. तुला वाटायचं मी थट्टा करतोय. थट्टाच करत होतो, पण सगळी नाही.

भाऊजी या भांडणातले पंच. अठ्ठावीस वर्षं शहराची बस चालवलेला माणूस, त्यांना दोन्ही शहरांचं कौतुक सारखंच कमी. 'सिग्नल दोन्हीकडे लालच असतो,' म्हणायचे आणि वर्तमानपत्रात डोकं घालायचे. तू चिडलीस की मला डोळा मारायचे.

लहानपणी मी जिन्याच्या पायऱ्या, खिडकीचे गज, जे दिसेल ते मोजायचो म्हणून तू मला मोज्या म्हणायला लागलीस. महापालिकेच्या सांख्यिकी विभागात नोकरी लागली तेव्हा म्हणालीस, चला, मोज्याला आता त्याचा पगार मिळणार. तुला माहीतच आहे, बारा मोठ्या शहरांची दरवर्षी यादी निघते, राहायला सगळ्यात चांगलं शहर कुठलं त्याची. आमच्याकडून तिचे रकाने मी भरतो: बागा किती, नळाला पाणी किती तास, पदपथ किती लांब. अकरा वर्षं तुम्ही दुसरे किंवा तिसरे आणि आम्ही चौथे-पाचवे. यादी लागली की साहेब केबिनचं दार लावून घ्यायचे आणि आम्ही दिवसभर हळू आवाजात बोलायचो, घरात कुणी आजारी असल्यासारखे. मग चार वर्षांपूर्वी आम्ही पहिले आलो. शहराच्या वेशीवर मोठा फलक लागला. तू एका दमात पाच गुण दिलेस. इतके तू कधीच दिले नव्हतेस. सोबत लिहिलंस: 'आता मात्र हरले रे. जीव वाचवण्यात पुढे गेलात, त्यापुढे जिराफ काय.' कारण आम्ही पुढे गेलो होतो ते एकाच रकान्यात. रुग्णवाहिका यायला लागणारा वेळ. तुमची सतरा मिनिटं, आमची नऊ.

दीड वर्षापूर्वी भाऊजींना पहिला झटका आला आणि डॉक्टर म्हणाले, मदत लवकर पोचेल अशा ठिकाणी राहा. भाचीने तिच्या इमारतीतच तुमच्यासाठी दोन खोल्या बघितल्या होत्या. मी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आलो. तुझ्या जेवणाच्या टेबलावर ते पसरलं आणि म्हणालो, विषय संपला, तुम्ही आमच्याकडे या. तू हसून म्हणालीस, बघा, म्हातारपणी शत्रूच्या गोटात नेतोय. भाऊजींनी चष्मा वर सरकवून कात्रण वाचलं आणि विचारलं, 'ही नऊ मिनिटं कधीपासून मोजता? आमच्या डेपोतही असंच होतं. साहेब लोक मोजायचे गाडी फाटकातून निघाल्यापासून. स्टॉपवर उभा असलेला माणूस मोजतो तो तिथे येऊन उभा राहिल्यापासून. तुमचं फोन वाजल्यापासून आहे ना?' मी 'हो' म्हणालो. तू तेव्हा कपबश्या विसळत होतीस. तुला हे आठवतही नसेल. मला त्या टेबलावरचं मेणकापड, त्यावरचा चहाचा गोल डाग, सगळं आठवतं.

त्या 'हो'च्या भरवशावर तुम्ही आलात. दक्षिणेकडच्या नव्या वस्तीत घर मिळालं, हवा छान, जिने नाहीत. सामान लावताना मी मदतीचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर चिकटवला. बारीक अक्षरात, माझ्या सवयीप्रमाणे. तुमच्या शहराचा नंबर तुला पाठ होता, आमचा वेगळा होता. तू म्हणालीस, नंबरसुद्धा आमचाच सोपा, अर्धा गुण दे. मी दिला.

ती सकाळ तू मला इतक्यांदा सांगितली आहेस की मी तिथे हजर होतो असं वाटतं. रेडिओवर सातच्या बातम्यांचे ठोके पडले आणि भाऊजी खुर्चीतून घसरले. तू फोनकडे धावलीस, तोंडात जुन्या शहराचा नंबर आला. चिठ्ठी वाचता येईना. चष्मा उशाशी नाही, टेबलावर नाही; सापडला न्हाणीघराच्या फळीवर. मग फोन केलास. गाडी आली ती सात तेहेतीसला. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांचं काम म्हणून सांगितलं, पंधरा-वीस मिनिटं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. आणि रुग्णवाहिकेची पावती तुझ्या हातात होती, तिच्यावर छापलं होतं: 'पोचण्यास लागलेला वेळ: ९ मिनिटे'. तिथल्या बाकावर बसून तू गणित केलंस. लहानपणी गणितात माझ्यापेक्षा तूच पुढे होतीस. तेहेतिसातून नऊ गेले, चोवीस राहिले. म्हणजे मी चोवीस मिनिटं चष्मा शोधत होते. 'मला तर दोन-तीन मिनिटंच वाटली रे,' असं तू मला म्हणालीस, 'पण कागद कशाला खोटं बोलेल.' मी शेजारीच बसलो होतो. मी तुझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणालो, चल, बाहेर हवेवर जाऊ.

ताई, कागद खोटं बोलत नव्हता, पण त्याला बोलायला शिकवलं होतं ते मी. त्या वर्षी यादीच्या फॉर्मवर नुसतं एवढंच होतं: रुग्णवाहिकेस पोचण्यास लागणारा वेळ. कधीपासून, ते लिहिलेलं नव्हतं. आधीची अकरा वर्षं मी फोन उचलल्यापासून मोजत आलो होतो. तसं मोजलं तर आमचा आकडा तेवीस येत होता. मी साहेबांकडे गेलो. ते मान वर न करता म्हणाले, फॉर्ममध्ये विचारलंय तेवढंच भरा. मी जागेवर येऊन गाडी फाटकातून निघाल्याची वेळ धरली. नऊ आले. मला कुणी सांगितलं नव्हतं, दमही दिला नव्हता. मला फक्त एकदा तुमच्या पुढे जायचं होतं, आणि खरं सांगायचं तर तुझ्याकडून एकदा 'हरले' असं ऐकायचं होतं. पुढे सगळ्या शहराने तेच मोजमाप घेतलं, पावत्यांवरही तेच छापायला लागले. दक्षिणेकडे रुग्णवाहिकांचं नवं केंद्र उघडायचा प्रस्ताव होता. पहिल्या क्रमांकाच्या शहराला गरज काय, असं म्हणून तो त्याच वर्षी बाजूला पडला. मी त्या बैठकीत होतो. टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या.

बाकावर तू गणित मांडलंस त्याच क्षणी मला ते चुकलेलं कळलं होतं. खात्री नव्हती असं म्हणून मी तीन आठवडे काढले. मग वार्षिक आकड्यांसाठी नोंदवह्या टेबलावर आल्या आणि त्यात तुमच्या घराचा पत्ता सापडला. ती नोंद 'उद्दिष्ट साध्य' या खुणेखाली होती, हिरव्या शाईत. मी वही मिटली आणि पुढची घेतली. तू तुमच्या शहरात भाचीकडे परत गेलीस; फोनवर बोलताना तू चष्म्याचा विषय काढलास की मी हवेचा काढायचो. तू चष्मा दोरीला बांधून गळ्यात घालायला लागलीस, झोपतानाही काढत नाहीस, हे भाचीने सांगितलं तेव्हासुद्धा मी एवढंच म्हणालो, वय झालं की सावध राहिलेलं बरं. यापेक्षा वाईट वाक्य मी आयुष्यात बोललेलो नाही.

बुधवारी मी सगळं लिहून साहेबांना दिलं आणि एक प्रत यादीवाल्यांना पाठवली. साहेब म्हणाले, तुमचे आठ महिने राहिलेत, शांतपणे जा की घरी. हिला सांगितलं तर ती म्हणाली, वन्संना आधी कळवा, वर्तमानपत्राआधी. पुढच्या शुक्रवारी बातमी येईल म्हणतात. आम्ही बहुधा आठवे ठरू, फलक उतरेल, कार्यालयात माझ्याशी कोण बोलेल माहीत नाही. ते पाच गुण परत घे, शिवाय त्यानंतरचे सगळे. पण त्यासाठी हे पत्र नाही. मला माफ कर असंही लिहिणार नाही, ते मागायचा हक्क मी त्या बाकावरच घालवला. पाकिटात नोंदवहीच्या त्या पानाची प्रत आहे. एक तारखेच्या आत ती बघ, भाचीलाही दाखव, आणि मग सही करायची की नाही ते ठरव. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर लाव, वरून सहावी ओळ. पहिल्या रकान्यात फोन आल्याची वेळ आहे, सात वाजून तीन मिनिटं. दुसऱ्यात गाडी निघाल्याची, सात चोवीस. चष्मा तुला तीन मिनिटांत सापडला होता, ताई. ती तीन तुझी. पुढची एकवीस माझी आहेत.

तुझाच,
मोज्या