अकरा तोंडांचा मंत्र

प्रिय टाचणी,

जिंकलो! आमच्या धुलाईघराच्या संघाला मान्यता मिळाली. शिक्का तुझ्या बाबांनी, म्हणजे साक्षात कुलगुरूंनी मारलाय, तोही इतका दाबून की कागद मागून फुगलाय. आता विद्यापीठाच्या परवान्याशिवाय मंत्र म्हटला म्हणून धुलाईघरातल्या एकाही बाईला कोणी कोठडीत टाकू शकणार नाही.

मी विद्यापीठ अर्ध्यावर सोडलं तेव्हा तू निरोप धाडला होतास, डोकं थंड झालं की परत ये. ते काही थंड झालं नाही. उलट त्याच्याच उष्णतेवर पोट भरतंय म्हण ना! इस्पितळाच्या चादरी मंत्राने वाळवतो. इथल्या दहा मावश्यांपैकी एकीनेही विद्यापीठाचा उंबरा पाहिलेला नाही. तुमच्याकडे सात पायऱ्या, प्रत्येकाच्या डोक्यावर एक गुरू, आणि मंत्र ज्याचा त्याने एकट्यानेच म्हणायचा; दम तुटला की मंत्र मेला. इथे दम संपत आला की शेजारणीच्या कोपराला हात लावायचा, की ती त्याच अक्षरावरून मंत्र उचलते. एवढंसं शिकायला मला चार महिने लागले, कारण हात लावायचं माझ्या लक्षातच यायचं नाही. इस्त्रीवाली मावशी म्हणायची, “तुला काय रे, एकट्यालाच सगळं जग वाळवायचंय?”

तर मान्यतेची परीक्षा. भर सभागृहात गार पाण्याचा हंडा. विस्तवाशिवाय तो सकाळच्या घंटेपासून दुपारच्या घंटेपर्यंत उकळता ठेवायचा. क्षणभर जरी निवला तरी संघ बाद आणि धुलाईघराला कुलूप. मोठ्यातला मोठा मांत्रिकसुद्धा एकटा जेमतेम अर्धा तास टिकतो. पहिली पाळी मी हट्टाने घेतली. हंडा खदखदायला लागला, तसे तुझे बाबा हळूच म्हणाले, “काय अर्धवटराव, अर्ध्यावर सोडायची सवय आहे ना तुम्हाला?” मंत्राबाहेरचा एक शब्द तोंडातून गेला की सगळं संपलं, हे ठाऊक असूनही मी ओरडलोच, “तुमच्यासमोर तर मुळीच नाही!” दहा जणींची भाकरी मी एका वाक्यात घालवली होती. पण हंडा खदखदतच होता! माझे कान लाल झालेले बघून इस्त्रीवाल्या मावशीने आधीच मंत्र उचलला होता. मग एकीकडून दुसरीकडे तो असा फिरला, की दुपारची घंटा झाली तेव्हा सभागृहाच्या काचांवर वाफ धरली होती आणि बाबांच्या चष्म्यावरही. चष्मा पुसत त्यांनी मावशीला विचारलं, “ही विद्या कोणाकडून घेतलीत?” ती म्हणाली, “नणंदेकडून.”

परत येताना मावश्यांनी मला घेरलं, आता लग्न कधी? मी ऐटीत सांगितलं, मुलीच्या बापाला दोन वर्षांपूर्वीच भर वर्गात ठणकावून आलोय, लग्न करीन तर तुमच्याच मुलीशी. त्यावरूनच भांडण पेटलं आणि मी तडक बाहेर पडलो. मग एक जण म्हणाली, “आणि पोरीला विचारलंस कधी?” टाचणी, नव्हतं विचारलं. तिसऱ्या बाकावर तू मान खाली घालून बसली होतीस, आणि मी आजवर त्याला लाजणं समजत होतो. चुकलं माझं. संघाची बातमी तुला शहरभर ऐकू येईलच. पत्र लिहिलंय ते यासाठी. माझ्याशी लग्न करशील? हवा तेवढा वेळ घे. बाबांना यातलं अक्षरही कळवलेलं नाही. या वेळी फक्त तुलाच विचारतोय.

तू हो म्हणालीस तर तुझाच,
भडक्या