पावडरच्या डब्याचा एक्स-रे काढून मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
स्तन-तपासणी (एक्स-रे) विभाग,
सरकारी रुग्णालय

विषय : सोबतच्या पावडरचे मॅमोग्राफी यंत्रावर चित्र काढून ते माझ्या दिवंगत पत्नीच्या जुन्या चित्राशेजारी ठेवून पाहणेबाबत.
संदर्भ : पत्नीच्या पहिल्या तपासणीचा आपला अहवाल, शेरा 'पावडर'.

महोदया,

१. अर्जदार विमा कंपनीत दावे तपासण्याच्या, म्हणजे बहुतांशी नाकारण्याच्या, कामावर आहे. अवाजवी विनंती कशी दिसते ते मला लांबूनही कळते. ही तशीच आहे.

२. माझी पत्नी आपल्याकडे प्रथम आली तेव्हा तिला कसलाही त्रास नव्हता. त्रास नसतानाच यायचे असते, हे तिनेच मला समजावले. यंत्राच्या दोन सपाट पाट्यांत छाती दाबून धरतात, म्हणजे आतले थर पसरतात आणि एकामागे एक लपत नाहीत. प्रत्येक बाजूची दोन चित्रे, एक वरून, एक तिरके. चरबी काळपट दिसते, गाठ पांढरी. पण निरोगी ग्रंथीही पांढऱ्याच, तिथे वाचणाऱ्याची कसोटी. हे तिने घरी दोन जाड पुस्तकांत उशी दाबून करून दाखवले. दुखते का, असे मी विचारले. "तुमच्या आईंच्या टोमण्यांपेक्षा कमी," असे उत्तर मिळाले.

३. त्या दिवशी डाव्या बाजूच्या चित्रात बारीक पांढरे ठिपके आले. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "पावडर लावून आलात ना? लावू नका म्हणून सांगितलं होतं." पावडरचे कण चित्रात कॅल्शियमच्या कणांसारखे दिसतात, आणि तसे कण कधी कधी या रोगाची पहिली खूण असतात, हे मला आता माहीत आहे. पत्नीने जन्मात पावडर लावली नव्हती. पण बाहेर रांग होती, बाई दमलेल्या होत्या, आणि समोरच्याला खोटे पाडणे हिच्या रक्तात नव्हते. ती म्हणाली, "ह्यांच्या टॉवेलाची लागली असेल." अशा वेळी ओल्या कापसाने पुसून चित्र पुन्हा काढतात. पण पुढच्या बाईंना हाक मारून झाली होती. शेरा पडला. पुढील तपासणी नेहमीच्या मुदतीत.

४. पावडर माझी, घामोळ्यांची. टॉवेल दोघांत एक. त्यानंतर घरात पंखा बंद पडो की मुलीचे लग्न लांबो, ही म्हणायची, "ह्यांची पावडर गेली असेल आत." आम्ही पोट धरून हसलो. मुदत येण्याआधीच छाती चाचपताना तिच्या हाताला गाठ लागली. शेवटी, बोलायलाही दम लागत असताना, डॉक्टर खाटेशी उभे राहून म्हणाले की हा आजार कशामुळे झाला ते सांगता येत नाही. तिने माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला.

५. सबब विनंती की, सोबतची पावडर टॉवेलावर भुरभुरवून आपल्या यंत्रावर तिचे चित्र काढावे, आणि हे ठिपके व ते ठिपके एकच आहेत का, ते एका ओळीत कळवावे. तंत्रज्ञ बाईंवर कारवाई नको. मुलीला आता लवकर तपासणी सांगितली आहे. तिने घरात टॉवेल वेगळा केला आहे. तिला कुणी पावडरचे विचारलेच, तर आधी एकदा पुसून पाहावे.

६. निकाल आधी ठरवून दावा तपासू नये, हे मी कचेरीत नव्या लोकांना शिकवतो. तरीही नमूद करतो की ती पावडर असावी. पावडर असेल तर त्या दिवशी ही धडधाकट होती, आणि नंतरचे हसणे आमच्या हक्काचे होते. ठिपके जुळले नाहीत, तर कृपया उत्तर पाठवू नये. कार्यालयीन उत्तराला वेळ लागतोच, असे समजून मी वाट पाहत राहीन.

आपला, उत्तराची घाई नसलेला,
(सही)
रुग्ण महिलेचा पती
दिनांक : ९ जून

सोबत :
१. पावडरचा डबा, निम्मा. तेव्हापासून उघडलेला नाही.
२. टॉवेल, तोच. मध्यंतरी धुतला गेला, याबद्दल दिलगीर आहे.