रुदंतीचं रान

४ फेब्रुवारी
रविवारच्या सभेची सुरुवात लिहिली : ‘खारवट रानाच्या धन्यांनो, आपलं दुखणं एकच. बापजाद्यांची काळी जमीन डोळ्यांदेखत पांढरी झाली, आणि आपण अजून आभाळाला बोल लावतोय.’ पुढचं सुचेना. कोल्हापूर सोडलं, संध्याकाळी शिरोळकडच्या घरी आले.

५ फेब्रु.
उजाडताना बांधावर. आमचं एकरभर रान मिठानं पांढरंफेक. ऊस गेला तिथं रुदंती पसरलीय. वीतभर उंची, राखाडी बारीक पानं, शेंड्याला तांदळाएवढी फुलं. पानापानावर थेंब. दव समजून जिभेला लावलं तर खारट. मीठ पिते, मीठच बाहेर टाकते, वर फुलते. समुद्र इथून कुठच्या कुठं, तरी वाटलं ओहोटीनंतरच्या तळाशी बसलेय. किती वेळ, कळलं नाही.
वरच्या रानात तात्यांची, म्हणजे धाकट्या चुलत्यांची, मोटार चालूच. ते पाणी जमिनीत मुरतं, तळचं मीठ घेऊन आमच्याकडे वर येतं.

६ फेब्रु.
तात्यांकडे. त्यांचाही ऊस खालच्या अंगाला पिवळा. म्हटलं, पाणी थांबवा.
‘पिवळा पडला म्हंजे तहानलाय की. पाणी नको तर काय तुझं भाषण पाजू हेला?’
काकू चुलीकडून, ‘नका वो, उभ्या उभ्या झोपंल त्यो.’
तिघंही हसलो. तहानलेला नाही, बुडालाय, एवढंच मी म्हणाले. तात्या तंबाखू मळत राहिले.

८ फेब्रु. रवि.
सभा. टाळ्या भरपूर. जमिनीखाली निचऱ्याचे पाईप पडेपर्यंत पाणी तोडा म्हटलं, तर तात्या मागून उठले. ‘तुझं रान गेलं म्हणून माझंबी वाळवू व्हय?’
सगळे माझ्याकडे बघत होते. मी भाषणाचा कागद घडी करून खाली उतरले.

९ फेब्रु.
सकाळी तात्यांनीच बोलावलं. त्यांच्या पिवळ्या उसात, सरीच्या कडेला, रुदंती. दोन-तीन रोपं, फुललेली.
‘तुझी फुलं हितं कशी आली गं?’
‘मी नाही आणली, तात्या.’
त्यांनी उसाचं एक बेट उपटलं. सहज आलं हातात. मुळं काळी, कुजका वास. मग ते बांधावर ठेवून घराकडे गेले. मी तिथंच. ऊन चढलं तशी फुलं जास्तच पांढरी दिसायला लागली.
उद्या त्यांची पाण्याची पाळी.
तात्या, भाषण राहू द्या. उद्या मोटार सुरू करू नका.