राऊत सरांच्या मोबाईलसाठी एक ओळ

१० नोव्हें., सोमवार
राऊत सरांनी माझं नाव खोडलं! जनावरांच्या बाजाराचं ॲप आमचं. त्याच्या लोड बॅलन्सरवरची स्क्रिप्ट माझी. कोणाचा मोबाईल नव्या सर्व्हरकडं पाठवायचा, कोणाचा जुन्याकडं, ते ती ठरवते. दिवाळीत फराळाचं ताट मांडीवर ठेवून लिहिली. पहिल्याच ओळीत 'लेखन : शीतल' होतं, आता 'लेखन : राऊत'. चेअरमनसाहेबांना म्हणतो कसा, "मीच बसून केलं, साहेब." मी तिथंच उभी. तळपायाची आग मस्तकात गेली. बघतेच याला.

११, मंगळ.
शुक्रवारी रा. चेअरमनना घेऊन घोडेगावच्या बाजारात जाणार. स्वतःच्या मोबाईलवर सौदा नोंदवून, विक्रीचा दाखला काढून दाखवणार. दाखव की!
जुने लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, चाळल्या. बाजारात असला की त्याचा मोबाईल दर शुक्रवारी एकाच इंटरनेट पत्त्यावरून (आयपी) येतो. स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली : हा पत्ता दिसला की जुन्या सर्व्हरकडं. तो डबा चार माणसं आली तरी धापा टाकतो. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१४, शुक्र.
साडेदहाला रा.चा फोन. "शीतल, नुसतं चाक फिरतंय! साहेब बघतायत!" रडायचाच बाकी. "बघते सर," म्हणाले आणि चहा मागवला. काय गोड लागला मेला.
कप खाली ठेवते तोवर मामाचा फोन. शेवगावहून म्हैस घेऊन तोही बाजारात. त्याच्या मोबाईलात ॲप मीच टाकून दिलेलं. "पोरी, लई येळ झाला, तुझं ते उघडनाच. दाखल्याबिगर म्हस कशी न्यायची, म्हनलं गिऱ्हाईक. गेलं निघून."
तेव्हा कुठं लक्षात आलं. एका सिमकार्ड कंपनीचे त्या भागातले कितीतरी मोबाईल बाहेर एकाच पत्त्यानं दिसतात. नव्या पोरांना फळ्यावर मीच शिकवते हे! रागात मीच विसरले. राऊतसाठी अर्धा बाजार त्या डब्यावर लोटला.
ओळ लगेच काढली. मामा म्हैस घेऊन परत घरी. आणि मलाच म्हणतो, "तू नको वाईट वाटून घेऊ."

१५, शनि.
रा.चं मेल, सगळ्या ऑफिसला : 'स्क्रिप्ट मुळात शीतलने लिहिली आहे. बिघाडाची जबाबदारी तिची.' स्क्रिप्ट उघडून पाहिली. पहिल्या ओळीत माझं नाव परत. त्यानंच घातलंय, निर्लज्जानं. याच्यासाठीच तर जळत होते ना मी?

१७, सोम.
चेअरमनसाहेबांनी दोघांना समोर बसवलं. "स्क्रिप्ट नक्की कुणाची? कोणी कधी काय बदललं, याची नोंद असते म्हणे. उद्या अकराला आणा."
रा. एवढासा झाला. त्याला वाटलं होतं नोंद राहत नाही. राहते की. सगळ्या ओळी माझ्या, त्यानं बदललेली फक्त नावाची. आणि मंगळवारची ती ओळ, तीही माझ्याच नावावर, वेळेसकट. मधलं पान काढून देता येत नाही.
संध्याकाळी मामा : "या शुक्करवारी आनू का गं म्हस? चालंल ना तुझं ते?"
"आण," म्हणाले. त्या दिवशी ते माझ्यामुळंच बंद पडलं, हे सांगायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "तू हायेस म्हनल्यावर मला काय काळजी न्हाई," आणि फोन ठेवला.
प्रिंट काढून पर्समध्ये ठेवलीय. बुडाले तर राऊतला घेऊनच बुडणार, ते ठरलंय. पण अकराच्या आधी मामाला फोन करायला हवा. नंबर काढते आणि फोन परत ठेवते.